मला सारांश नको

मला दिसत नाही. लहानपणी तापात डोळे गेले, आणि आता मी पन्नाशीला आले आहे, तेव्हा त्याचं रडगाणं इथं गायचं नाही. नांदेडला एका कॉलेजात इतिहास शिकवते. विष्णुपुरीच्या रस्त्याला दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटी राहते. स्वयंपाक येतो, दोन-तीन रिक्षावाले ओळखीचे आहेत, आणि बाकीचं जग माझ्यापर्यंत फोनमधून येतं. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे लिहिलेलं असेल ते फोनमधला आवाज बोलून दाखवतो. आम्ही अंध माणसं वर्षानुवर्षं असंच वाचतो.

माझ्या फोनमधला जुना आवाज अगदी यंत्राचा होता. त्याला चढ नाही, उतार नाही. स्टाफरूममधल्या बायका म्हणायच्या, "मॅडम, हे ऐकून डोकं उठत न्हाई का तुमचं?" मी तो इतक्या वेगात लावायची की त्यांना नुसती कुरकुर ऐकू यायची आणि मला अख्खा परिच्छेद. पण त्याचा एक गुण होता. तो लिहिलेलं वाचायचा. विद्यार्थ्यानं ऱ्हस्वाचं दीर्घ केलं तर दीर्घच उच्चारायचा. कुणी मला शिवी लिहून पाठवली असती तर ती त्यानं शिवी म्हणूनच वाचली असती.

मागच्या हिवाळ्यात आमच्या अंधांच्या संघटनेकडून विचारणा आली. एका कंपनीची फोनसाठी नवी कार्यप्रणाली येणार होती. ती बाजारात यायच्या आधी काही लोकांच्या फोनवर टाकून त्यांची मतं घ्यायची होती. मराठी वापरणारे अंध लोक पाहिजे होते. मी हो म्हणाले. लातूरच्या आपाही हो म्हणाल्या. आपा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. लातूरच्या अंधशाळेच्या वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी होत्या. त्यांच्या घरचा बांगड्यांचा जुना धंदा, आणि त्या स्वतः शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही दोघींनीही विचार केला, की एरवी सगळं तयार झाल्यावर आपल्या गळ्यात येतं. या वेळी आधी विचारून राहिलेत, तर सांगावं.

नवी प्रणाली फोनवर आली आणि जुना आवाज गेला. त्याच्या जागी एक बाई आली. गोड, तरुण, मधूनमधून श्वास घेणारी, वाक्य संपवताना किंचित हसल्यासारखी. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की ती वाचत नाही. ती सांगते. निरोप आला की ती स्वतः तो वाचायची, आणि मग त्याचा सार मला सांगायची. कॉलेजच्या ग्रुपवर प्राचार्यांनी लांबलचक सूचना टाकली तर म्हणायची, "उद्या बैठक आहे, वेळेवर या." पत्रिका आली तर म्हणायची, "एका लग्नाची सुंदर पत्रिका आहे." कुणाचं लग्न, कुठं, ते विचारावं लागायचं. मूळ मजकूर ऐकायचा तर पडद्याच्या कोपऱ्यात एक बटन होतं, पण त्या बटनाला नावच दिलेलं नव्हतं. बोट नेलं की बाई म्हणायची, "बटन." शेजारच्यालाही "बटन." त्याच्या शेजारच्यालाही "बटन." कोणत्या बटनानं निरोप वाचला जाईल आणि कोणत्यानं पुसला जाईल, ते दाबल्याशिवाय कळायचं नाही.

मी आपांना फोन केला.

"आपा, तुमच्याकडं कशी काय वागून राहिली ही?"

"अगं, आमच्या दुकानात पूर्वी एक नोकर होता," आपा म्हणाल्या. "गिऱ्हाइकानं साध्या बांगड्या मागितल्या की ह्यानं नक्षीच्या काढायच्या. वर म्हणायचा, तुमच्या हाताला ह्याच शोभतात. अब्बांनी महिन्यात काढून टाकला त्याला. हिला कुणी काढायचं?"

मत कळवायची सोय होती. 'तुमचा अनुभव कसा वाटला' असं विचारून पाच चेहरे दाखवायचे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. बाई ते पाचही चेहरे "चित्र" म्हणून सांगायची. चित्र, चित्र, चित्र, चित्र, चित्र. त्यातलं एक मी दाबलं. कोणतं ते आजही मला ठाऊक नाही. खाली बोलून मत नोंदवायची जागा होती, तिथं मी स्पष्ट सांगितलं, की बटनांना नावं द्या आणि निरोप जसा लिहिलाय तसा आधी वाचा. धन्यवादाचा निरोप आला. बाकी काही हललं नाही.

आता मामांचं सांगते.

माझे मामा एसटीत कंडक्टर होते, उदगीर डेपोला. राहायला देवणीला. माझे डोळे गेल्यावर घरात सगळ्यांनी हाय खाल्ली, आणि मामांनी लातूरची अंधशाळा शोधून काढली. मला नेऊन घालायलाही तेच आले. सुट्टीचा दिवस काढून, साध्या कपड्यांत, माझ्याशेजारच्या सीटवर बसून. अख्ख्या रस्त्यानं त्यांनी मला पाट्या वाचून दाखवल्या. येथे पंक्चर काढून मिळेल. उसाचा ताजा रस. येथे लघवी करू नये. पुढच्या सीटवरची बाई हसायला लागली, तरी ते थांबले नाहीत. नंतरही सुट्टीला मला न्यायला आले की असंच. मला गावांचा क्रम पाट्यांवरनं पाठ झाला. अक्षर वाचलं पाहिजे ही ओढ मला शाळेनं लावली नाही, त्या रस्त्यानं लावली.

मामा म्हातारे झाले होते. त्या महिन्यात छातीत कफ धरला होता, उदगीरला दवाखान्यात नेऊन आणलं होतं. मी दर दोन दिवसांनी मामेभावाला फोन करत होते. "हाय तसंच हाय अक्का," तो म्हणायचा. "जेवन न्हाई. उठून बसत न्हाईत." आमच्या त्या भागात मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. त्याची पोरं, सुना, गावातले लोक, सगळे मामांना आबा म्हणायचे. भाऊसुद्धा बापाला आबाच म्हणायचा. मी एकटी मामा म्हणायची.

त्या दिवशी कॉलेजात तपासणी समिती आली होती. सकाळपासून आम्हाला फोन बंद करून पिशवीत ठेवायला सांगितलं होतं. दुपारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मी फोन काढला आणि बोट फिरवलं.

बाई म्हणाली, "तुम्हाला काही कॉल येऊन गेले. तातडीचं काही दिसत नाही."

मग म्हणाली, "एक निरोप आहे. आबा शेतात गेले आहेत. चार वाजता मातीचं काम आहे."

आणि वाक्याच्या शेवटी ती तिच्या सवयीप्रमाणे किंचित हसली.

मला काय वाटलं ते सांगते, कारण राग तिथून सुरू होतो. मला आनंद झाला. मामा अंथरुणातनं उठले, शेतात गेले, म्हणजे कफ सुटला. शेजारी डबा खात असलेल्या बाईंना मी म्हणाले, "माझे मामा बरे झाले वाटतं. शेतात गेलेत बघा." त्या म्हणाल्या, "जुनी हाडं असतात मॅडम." माती कसली भरून राहिलेत या दिवसांत, असंही मनात येऊन गेलं. बांधाला टाकत असतील. संध्याकाळी निवांत फोन करू म्हटलं आणि फोन पिशवीत टाकला. समितीपुढं मी माझ्या विभागाची माहिती दिली. छान दिली म्हणे.

घरी येऊन चहा ठेवला तेव्हा भावाचा फोन आला.

"अक्का, आली न्हाईस तू," तो म्हणाला. आवाज बसलेला.

"कुठं?"

मागं बायकांचा आवाज येत होता.

"आबाच्या मातीला," तो म्हणाला. "मेसेज टाकला होता की मी. लई वाट पाहिली तुझी. चाराचे पाच केले."

आमच्याकडं माणूस गेलं की 'माती' म्हणतात. मातीला गेलो होतो, माती कधी आहे, माती आटोपली. जाळलं तरी माती, पुरलं तरी माती. मराठवाड्यातल्या शेंबड्या पोराला ते कळतं. भावानं लिहिलं होतं, ते त्यानंच फोनवर सांगितलं, "आबा गेले. चारला माती. शेतात." बाप गेल्याच्या सकाळी माणूस याहून जास्त काय लिहील? तीन तुटक वाक्यं होती. बाईला ती वाचायला दोन श्वास लागले नसते. पण तिनं ती वाचली नाहीत. जोडून, शिवून, इस्त्री करून मला नवं वाक्य दिलं.

निरोप दुपारी जसाच्या तसा ऐकला असता तरी मी उशिराच पोचले असते. नांदेडहून देवणी काही जवळ नाही. पण तासभर ते थांबले होते. गाडी केली असती तर मला मामांच्या पायाला हात लावता आला असता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेले. भावानं हाताला धरून शेतात नेलं. राख अजून ऊन होती. मामी माझ्याशी बोलल्या, पाठीवरनं हात फिरवला, त्यांनी काही मनात धरलं नाही. पण ओट्यावर बसलेली एक बाई दुसरीला म्हणाली, आवाज खाली न करता, "शिकली सवरली, पन मातीला न्हाई आली. ज्यानं साळंत घातली त्याच्या." आंधळ्याला ऐकू येत नाही असं लोकांना का वाटतं कुणास ठाऊक. मी त्या बाईला काय समजावणार होते? फोननं चुकीचं सांगितलं? ती म्हणाली असती, फोन कसा चुकीचं सांगेल, लिहिलेलंच सांगेल की.

नांदेडला परत आल्यावर मी पुन्हा ती मत नोंदवायची जागा उघडली. रडले नाही. वर्गात बोलते तसं, थांबत थांबत, सगळं सांगितलं. माझा मामा गेला, निरोप असा होता, तुमच्या आवाजानं तो असा सांगितला, मी मातीला पोचले नाही. मला सारांश नको. जे लिहिलंय ते वाचा. ठरवायचं ते मी ठरवीन.

उत्तर लगेच आलं. म्हणजे माणसाचं नाही, आपोआप येणारं. बाईनंच ते वाचून दाखवलं. "तुमचं मत आमच्यापर्यंत पोचलं. तुमच्या मताचा सारांश असा: दुःखद प्रसंगी आवाज अधिक हळवा असावा."

मी फोन भिंतीवर मारला नाही, कारण फोन माझा होता आणि भिंत घरमालकांची. मी आयुष्यभर लोकांच्या दयेवर चिडत आले आहे. रस्ता ओलांडायचा नसताना हाताला धरून ओलांडून देणारे, माझ्याशी न बोलता माझ्या सोबतच्या माणसाला "यांना चहा चालतो का" विचारणारे. पण ती माणसं तरी निदान समोर असतात. त्यांना "मला विचारा" असं म्हणता येतं. इथं माझा मामा मेला होता, मी माझ्या तोंडानं सांगितलं होतं, आणि त्याचं एका ओळीत लोणचं घालून मलाच परत वाढलं होतं.

मोबाइलच्या दुकानात जाऊन मी ती प्रणाली काढून जुनी टाकायला सांगितली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, समदं उडंल. मेसेज, फोटो, समदं."

"उडू द्या," मी म्हणाले.

जुना आवाज परत आला तेव्हा मी भावाला फोन करून म्हणाले, "तो मेसेज परत पाठव. त्या दिवशीचाच." त्यानं का म्हणून विचारलं नाही. मी खुर्चीत बसून बोट ठेवलं. जुन्या आवाजानं, त्या निर्जीव, सपाट आवाजानं वाचलं, "आबा गेले. चारला माती. शेतात." मग मी रडले.

काही आठवड्यांनी लातूरला मतं घेण्याची बैठक ठरली. एका हॉटेलच्या सभागृहात, जेवणासकट. मी चाचणीतून बाहेर पडले होते, पण नाव यादीत राहिलं होतं, म्हणून बोलावणं आलं. मी गेले. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली, तिथं चहा घेतला, आणि काय बोलायचं ते मनात घोळवत राहिले. आपा त्यांच्या भाचीबरोबर हॉटेलच्या दाराशी उभ्या होत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आज तू बोल. मी फक्त तुला गप्प बसू देणार न्हाई."

डोळस लोकही होते, निम्म्याहून जास्त तेच. पुण्याहून कंपनीकडून आलेली एक मुलगी सगळं चालवत होती. पंचविशीची असावी, बोलणं नम्र, प्रत्येकाला "मॅम" नाहीतर "सर". पद्धत अशी होती की प्रत्येकानं मत सांगायचं, ते रंगीत चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी भिंतीवर लावायची. कुणाची चिठ्ठी कोणत्या रंगाची ते आम्हाला कळायचा प्रश्नच नव्हता, पण ती दर वेळी सांगत होती, "ही पिवळी हं."

खताच्या दुकानाचे एक मालक म्हणाले, अक्षर मोठं झालं ते चांगलं, पण फोन उचलायचं बटन सरकवावं लागतं, हात चिकट असला की सरकत नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, जागोजागी 'पुढे चला' लिहिलंय, हे काय मराठी झालं, मी काय एसटीत उभा आहे का. सगळे हसले. मीही हसले. एका तरुणीला रंग फार आवडले होते. एकाची बॅटरी दुपारीच संपत होती. मुलगी सगळं टिपून घेत होती, कागद भिंतीला चिकटल्याचा आवाज येत होता.

माझी पाळी आली. मी बसूनच सांगितलं. मामा, निरोप, माती. खतवाल्या मालकांनी "अरारारा" म्हटलं ते मला ऐकू आलं.

मुलगी म्हणाली, "सो सॉरी, मॅम. खूप वाईट वाटलं ऐकून." आणि तिच्या पेनाचा आवाज आला.

"काय लिहिलंत?" मी विचारलं.

"तुमचं मत, मॅम."

"वाचून दाखवा."

"'निरोप सांगताना भावना चुकते.'"

"मी असं म्हणाले?"

"म्हणजे, आशय तोच आहे ना, मॅम. चिठ्ठी लहान आहे."

"दुसरी घ्या," मी म्हणाले. "ती संपली की तिसरी घ्या. मी सांगते तसं लिहा."

मागून एक माणूस म्हणाला, "मॅडम, राग नका मानू, पण मला तर सारांश आवडला. भावकीच्या ग्रुपवर शंभर-शंभर मेसेज येतात. कोण वाचणार?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. पण माझा तोल तिथं जवळजवळ गेला. "तुम्हाला नको असलेलं तुम्ही डोळ्यांनी ओलांडून जाता," मी म्हणाले. "काय ओलांडलं ते तुम्हाला माहीत असतं. माझ्या वाटचं तिनं ओलांडलं, आणि मला सांगितलंसुद्धा नाही की मध्ये काही होतं."

ते म्हणाले, "हाव, ते खरं हाय."

आपा माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. "बेटा," त्या मुलीला म्हणाल्या, "हम अंधे हैं, बच्चे न्हाईत. तू लिही. ती मास्तरीन हाय, हळू सांगते."

मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. आबा गेले. चारला माती. शेतात. या तीन वाक्यांऐवजी मला काय ऐकवलं ते. मी खूश होऊन डबा खाल्ला ते. बटनांना नावं नाहीत ते. मत सांगितल्यावर त्याचाही सारांश करून मला परत दिला ते. मग मी तिला सगळ्या चिठ्ठ्या ओळीनं वाचायला लावल्या. ती वाचत होती. 'डबा खाल्ला'पाशीही तिनं शब्द गाळला नाही.

जेवणाच्या वेळी ती माझ्याशेजारी येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "मॅम, माती म्हणजे ते, हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे अंत्यविधी म्हणतात."

"तुला माहीत असायची गरज नव्हती," मी म्हणाले. "मला माहीत होतं. माझ्यापर्यंत शब्द येऊ द्यायचा होता."

"मी हे वर जसंच्या तसं पाठवीन."

तिनं पाठवलं असेल. माझा तिच्यावर राग नाही. पण वर कोण बसतं, आणि वर गेलेल्या गोष्टीचं काय होतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं, हे तिच्या बोलण्यातच होतं.

पावसाळ्यात ती प्रणाली बाजारात आली. जाहिरात झाली. तिच्यात काय काय नवं आहे ते एका विद्यार्थिनीनं मला वाचून दाखवलं. अक्षर मोठं. फोन सरकवून उचलायचा की दाबून, ते निवडता येतं. आणि एक ओळ अशी: आता तुमच्या सुखदुःखाचे प्रसंग ओळखणारा, तुमच्या भावना जपणारा आवाज. ती मुलगी पुढं वाचायला लागली तर मी तिला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. माझ्या मामाचं त्यांनी हे केलं होतं. विकायला ठेवलं होतं.

आपांनी नवी प्रणाली फोनवर घेतली, काय झालंय ते बघायला. एकदा फोनवर मला म्हणाल्या, "ऐक गंमत. आमच्या शेजारणीनं मेसेज टाकला, कुंड्यांसाठी माती आणली, भाचीला पाठवा. तर ही बाई इतकी हळू आवाजात मला म्हणते, एक दुःखद बातमी आहे, मन घट्ट करा. माझं काळीज लटकन हललं की. कोण गेलं म्हणून भाचीला हाक मारली."

आपा हसत होत्या. मला हसू आलं नाही.

निरोप जसाच्या तसा वाचायची सोय मात्र त्यांनी दिली आहे. ती आपोआप चालू नसते. सेटिंगमध्ये जायचं, तिथून आवाजाच्या भागात, तिथून 'अधिक' मध्ये, आणि अगदी तळाशी 'मूळ मजकूर प्राधान्याने' असं लिहिलेलं आहे. बटनाला या वेळी नाव आहे. पण तिथवर पोचेपर्यंत सगळा रस्ता ती बाईच सांगते, सारांशानं. आपांनी तो रस्ता दोन दिवस खपून शोधला, मला तोंडी सांगितला, आणि मी तो सावकाश बोलून रेकॉर्ड केला. संघटनेच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी आणखी पुढं पाठवला असावा, कारण अनोळखी नंबरांवरून फोन यायला लागले. माजलगावहून, हिंगोलीहून, कुठून कुठून.

परवा किनवटहून एक गृहस्थ बोलले. तिथल्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहेत, अलीकडेच नजर गेली आहे. फोन आपोआप अद्ययावत झाला आणि रात्रीतून त्यांचा जुना आवाज गायब झाला, असं म्हणत होते. मी त्यांना एकेक पायरी सांगितली. ते दर पायरीला मला परत म्हणून दाखवत होते. शेवटचं बटन दाबल्यावर त्यांनी एक निरोप उघडला, तो अक्षर न अक्षर वाचला गेला, मला इकडं ऐकू आला. मुख्याध्यापकांनी रजेच्या अर्जाविषयी लिहिलं होतं, जरा तिखटच.

"हे असं लिहिलं होतं तर त्यांनी," ते म्हणाले. "मला काल म्हणाली, मुख्याध्यापकांनी रजेबद्दल विचारपूस केली आहे."

मग ते म्हणाले, "मॅडम, मी असं ऐकलं की हे बाहेर यायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही सांगितलं न्हाई का त्यांना?"

त्यांच्या आवाजात राग होता. माझ्यावरच होता, आणि मला तो पटला. नजर नुकती गेलेल्या माणसाला कुणावर तरी चिडायचं असतं, आणि मी फोनवर हाताशी होते.

"सांगितलं," मी म्हणाले. "लिहूनही घेतलं त्यांनी."

"मग?"

मी त्यांना म्हणाले, की आणखी काही अडलं तर केव्हाही फोन करा, वर्गात नसले तर उचलते.